शेवटच्या खांबाला व्होल्टेज नाही, डीपी (ट्रान्सफॉर्मर) वर्षात तीनदा जळाली. पॉवर फॅक्टरचा यात किती हात?

शेवटचा_खांब · शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, उजनीच्या बॅकवॉटरला लागून आमची साडेचार एकर आहे. ऊस आणि थोडी केळी. आमच्या डीपीवर अठरा मोटारी आहेत, सगळ्या ५ एचपीच्या. डीपी १०० केव्हीएची. माझी मोटर सगळ्यात टोकाला, डीपीपासून सातशे मीटरवर, म्हणून हे नाव घेतलंय.

गेल्या उन्हाळ्यापासून डीपी तीनदा जळाली. शेवटच्या वेळी अकरा दिवस बदलून मिळाली नाही. वर्गणी काढून ट्रॅक्टर केला, जळालेली डीपी नेऊन टाकली, दुसरी आणली. तोवर केळीची पानं करपून खाली लोंबत होती. सकाळी बांधावर गेलं की तिकडं बघवत नव्हतं.

कार्यालयात विचारलं तर एकच उत्तर मिळालं, "तुमच्या डीपीवर लोड जास्त आहे आणि एकालाही कपॅसिटर नाही, पॉवर फॅक्टर कमी आहे." लोड मंजूर त्यांनीच केलाय. आणि पॉवर फॅक्टर कमी म्हणजे नक्की काय बिघडतं, हे कुणी समजावलं नाही. आमचं बिल एचपीवर येतं, मीटर नाही. मग कमी पॉवर फॅक्टरचा तोटा कोणाला आणि कसा? आकड्यांत सांगता आलं तर बरं होईल, मला ते अठरा जणांना पटवायचं आहे.

टाँगटेस्टर · शनिवार, रात्री १०:१५

दादा, मी मोटारी भरतो, म्हणजे आतली जळालेली तार (वायंडिंग) नव्यानं गुंडाळतो, आणि पॅनल जोडतो, वीस वर्षं झाली. उन्हाळ्यात माझ्याकडं जळालेल्या मोटारींची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच तुमच्यासारख्या टोकाच्या गिऱ्हाइकांच्या असतात. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढंच पाणी उचलायला जास्त अँपियर ओढते आणि वायंडिंग भाजून निघतं. पॉवर फॅक्टर हे एक कारण झालं. ऑटोस्विच, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा, हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं. तुमच्या अठरांपैकी किती पेट्यांत ऑटो आहे?

शेवटचा_खांब · शनिवार, रात्री १०:२२

सगळ्यांच्या. रात्रीची पाळी असली की दोन वाजता लाईट येते, उठून जायचं कोणी? माझ्याही पेटीत आहे.

शिकवणी · रविवार, सकाळी ७:०५

मी तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवते. शेवटचा_खांब दादांनी आकडे मागितलेत, तेच घेऊन करू.

५ एचपी म्हणजे शाफ्टवर ३.७३ किलोवॅट. जुन्या, एकदोनदा भरलेल्या मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती लाईनवरून सुमारे ४.६६ किलोवॅट घेते. अठरा मोटारींचे झाले ८४ किलोवॅट. डीपी १०० केव्हीएची, म्हणजे वरवर पाहता सोळाची जागा शिल्लक आहे. सगळी फसगत इथेच होते, कारण डीपीची क्षमता किलोवॅटमध्ये नसते, केव्हीएमध्ये असते. केव्हीए म्हणजे व्होल्टेज आणि करंट मिळून होणारा एकूण भार, किलोवॅट म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामाचा भाग, आणि किलोवॅट भागिले केव्हीए म्हणजे पॉवर फॅक्टर. विहिरीवरच्या अशा मोटारींचा पॉवर फॅक्टर ०.७५ च्या आसपास असतो. ८४ भागिले ०.७५ केलं की ११२ केव्हीए येतात.

१०० केव्हीएच्या डीपीला ४३३ व्होल्टच्या बाजूला फेजला १३३ अँपियर झेपतात. तुमच्या अठरा मोटारी मिळून १४९ ओढत असणार. तारेतली आणि डीपीच्या वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. १४९ भागिले १३३, त्याचा वर्ग १.२५. करंट १२ टक्के जास्त, पण तांब्यातली उष्णता २५ टक्के जास्त. त्यात मे महिन्यातलं ४२ अंशांचं ऊन, आणि पातळी उतरलेलं तेल. वायंडिंगचं तापमान दर सहा ते आठ अंशांनी वाढलं की आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, असा आमच्या शास्त्रात ठोकताळा आहे. तुमची डीपी एका दिवसात जळत नाही. ती आठ-आठ तास रोज भाजत राहते आणि एके दिवशी सोडून देते.

आता प्रत्येक मोटरला २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे कपॅसिटरच्या ताकदीचं माप) कपॅसिटर लावला असं धरा. किलोवॅट तेच, ८४. पॉवर फॅक्टर ०.९१ होतो, केव्हीए ९२ वर येतात आणि करंट १२३ वर. तीच डीपी, त्याच मोटारी, तेवढंच पाणी, पण डीपी तिच्या हद्दीत आली. तारेतला नासही साधारण एक तृतीयांशाने कमी झाला.

काळी_माती · रविवार, सकाळी ८:३०

ताई, हिशेब समजला. पण आतून काय होतं ते कळत नाही. मोटारी जे १४९ ओढतात त्यातले काही परत देतात म्हणे. परत देतात तर नुकसान कशाचं?

निवृत्त_यंत्रचालक · रविवार, सकाळी ९:५०

हा प्रश्न मला उपकेंद्रात रुजू झालो तेव्हा पडला होता. मी ज्या रीतीने समजलो ते सांगतो.

माझ्या वडिलांची मोट होती. बैल धावेवरून खाली उतरायचे तेव्हा मोट भरून वर यायची आणि पाणी थारोळ्यात पडायचं. मग बैल मागं सरायचे, रिकामी मोट खाली जायची. मागं येण्यात पाण्याचा थेंब नाही, पण त्याशिवाय पुढची मोट भरायची नाही. आणि तेवढा वेळ धाव अडलेली असते, दुसरी जोडी तिथं जुंपता येत नाही.

मोटरच्या आत लोखंडात चुंबकत्व उभं करावं लागतं. सेकंदाला पन्नास आवर्तनं, प्रत्येक आवर्तनात ते चुंबकत्व भरतं आणि ओसरतं. भरताना लाईनवरून ऊर्जा घेतं, ओसरताना परत करतं. ही जी नुसती ये-जा, तिला आम्ही रिॲक्टिव्ह म्हणतो आणि केव्हीएआरमध्ये मोजतो. पाणी उचलायला तिचा उपयोग शून्य, पण ती नसेल तर मोटर फिरणारच नाही. काळी_माती भाऊ, ऊर्जा परत येते हे खरं, पण ती तारेतूनच येते. तारेला जाणारा करंट आणि येणारा करंट यांत फरक कळत नाही. दोन्ही वेळा ती तापते. मोटेचा दाखला इथपर्यंतच पुरतो.

कपॅसिटर हीच ये-जा मोटरच्या शेजारी उभा राहून सांभाळतो. मोटर देते तेव्हा तो घेतो, ती मागते तेव्हा तो देतो. मग सातशे मीटर तार, डीपी, ११ केव्हीची लाईन, आमचं ३३/११ चं उपकेंद्र, त्याच्या मागचं सगळं, या कशालाच तो हेलपाटा पडत नाही.

टाँगटेस्टर · रविवार, दुपारी १:१०

आज एका गिऱ्हाइकाकडं मुद्दाम मोजून आलो. ५ एचपी, पाणबुडी नाही, वरची मोनोब्लॉक. व्होल्टेज ४००. पेटीत टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावला, ९.० अँपियर. मोटर बंद करून २ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला, परत चालू केली. लाईनच्या बाजूला ७.६.

तिथं गंमत अशी झाली की मालकाने टेस्टर माझ्या हातातून घेऊन मोटरकडं जाणाऱ्या वायरला लावला आणि म्हणाला, "अहो हे तर नऊच दाखवतंय, फसवता का?" खरंच नऊच होते, आणि राहणारच. मोटरला स्वतःला काहीच फरक पडत नाही, ती तेवढंच ओढते. फरक पडतो कपॅसिटरच्या जोडणीच्या मागं, लाईनकडं. ज्यांना ज्यांना दाखवायचंय त्यांनी टेस्टर कुठल्या वायरला लावायचा हे आधी बघून घ्या, नाहीतर समोरचा माणूस कायमचा अविश्वास धरून बसतो.

काळी_माती · रविवार, दुपारी १:४०

आणि कपॅसिटरच्या वायरमध्ये किती होते?

टाँगटेस्टर · रविवार, दुपारी १:४३

२.४.

काळी_माती · रविवार, दुपारी १:५०

९ वजा २.४ म्हणजे ६.६. तुम्हाला ७.६ कसे मिळाले?

शिकवणी · रविवार, दुपारी ३:२०

फार चांगला प्रश्न. माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थीसुद्धा इथे अडखळतात.

नऊ अँपियर हा एक आकडा दिसतो, पण त्यात काटकोनात उभे असलेले दोन करंट आहेत. एक पाणी उचलणारा, ९ गुणिले ०.७५ म्हणजे सुमारे ६.७. दुसरा चुंबकत्वाचा, सुमारे ६. यांची साधी बेरीज होत नाही, काटकोन त्रिकोणासारखी होते. ६.७ चा वर्ग अधिक ६ चा वर्ग, त्याचं मूळ ९. कपॅसिटरचे २.४ फक्त दुसऱ्यातून वजा होतात. ६ मधून २.४ गेले, उरले ३.६. आता ६.७ आणि ३.६ चा त्रिकोण करा, ७.६ येतात. टाँगटेस्टर दादांनी पेटीत जे मोजलं ते पायथागोरसशी तंतोतंत जुळलं. वर्गात उद्या हेच आकडे फळ्यावर मांडणार आहे.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. पहिले एक-दोन केव्हीएआर जेवढा फायदा देतात तेवढा पुढचे देत नाहीत. ०.७५ वरून ०.९१ वर जाणं स्वस्त, ०.९५ वरून १ वर जाणं महाग.

गाळा_नंबर_सात · रविवार, सायंकाळी ६:००

शेतीपंपांचं वाचतोय, आमच्या कारखानदारीतलंही सांगतो. एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, उच्चदाब जोडणी. शेतकऱ्याला कमी पॉवर फॅक्टर डोळ्याला दिसत नाही, आम्हाला तो बिलात रुपयांनी दिसतो.

राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे केव्हीए गुणिले तास यावर, झाली. आधी युनिट म्हणजे केडब्ल्यूएच होतं आणि पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सवलत वेगळी यायची. आता मीटरच केव्हीएएच मोजतं. महिन्याला २०,००० केडब्ल्यूएचचं काम असेल आणि पॉवर फॅक्टर ०.७ असेल तर बिल २८,५७१ युनिटचं येतं. ०.९५ असेल तर २१,०५३ चं. साडेसात हजार युनिटचे पैसे, आणि त्यातून एक नटसुद्धा जास्त बनत नाही. वर डिमांड चार्जही (महिन्यातल्या सर्वांत जास्त मागणीवरचा आकार) केव्हीएवरच. १०० किलोवॅटला ०.७ वर १४३ केव्हीए डिमांड लागते, ०.९५ वर १०५.

माझी चूक सांगतो, दुसऱ्याची टळावी म्हणून. घाईत मोठी बँक बसवली आणि कायम चालू ठेवली. रात्री मशीन बंद, कपॅसिटर चालू. पॉवर फॅक्टर लीडिंग झाला, म्हणजे गरजेपेक्षा कपॅसिटर जास्त पडला, आणि केव्हीएएच मीटर तोही तितक्याच इमानाने मोजत राहिला. तीन महिने बिल कमी का होत नाही म्हणून डोकं धरून बसलो होतो. मग एपीएफसी पॅनल घेतलं, लोडप्रमाणे स्वतःच टप्पे घेतं आणि सोडतं.

शिकवणी · रविवार, सायंकाळी ६:४५

१०० किलोवॅट ०.७ वरून ०.९५ वर न्यायला ६९ केव्हीएआर पुरतात. गाळा_नंबर_सात, तुमच्याकडे व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) किती आहेत? मशीन शॉप म्हटलं की असणारच. व्हीएफडी असतील तिथे हार्मोनिक्स, म्हणजे पन्नासच्या पटीतल्या जास्त आवर्तनांचे नको असलेले करंट, असतात, आणि साधा कपॅसिटर ते ओढून घेऊन फुगतो. तिथे ७ टक्क्यांची डिट्यून रिॲक्टर (हार्मोनिक्स कपॅसिटरपासून अडवणारी कॉइल) असलेली बँकच लावावी. फुगलेला, तेल गळणारा कपॅसिटर दिसला तर तो लगेच काढा, वाट बघू नका.

गाळा_नंबर_सात · रविवार, सायंकाळी ७:०२

चार आहेत. दोन कपॅसिटर फुगले होते, कारण आत्ता कळलं. मनापासून आभार.

दूरची_लेक · सोमवार, सकाळी ६:३०

मी पुण्यात असते, आईबाबा गावी. बाबांना कोणीतरी घरच्या सॉकेटमध्ये लावायची एक छोटी पेटी विकली आहे, "पॉवर फॅक्टर सुधारतो, बिल ३० टक्के कमी होतं" म्हणून. ती खरी आहे का?

टाँगटेस्टर · सोमवार, सकाळी ७:१५

नाही ताई. घरचं मीटर केडब्ल्यूएच मोजतं, म्हणजे फक्त पाणी उचलणारा भाग. त्या पेटीत छोटा कपॅसिटर असतो आणि एक दिवा. लाईनचा करंट थोडा कमी झाला तरी मीटरला तो भाग मुळातच मोजायचा नव्हता. बिल कमी होणार नाही. बाबांना सांगा पैसे परत मागा.

काळी_माती · सोमवार, सकाळी ८:००

आमच्या बोअरच्या पेटीत कंडेन्सर आधीपासून आहे. मग आम्हाला वेगळा लागणार नाही ना?

टाँगटेस्टर · सोमवार, सकाळी ८:२०

तुमची सिंगल फेज पाणबुडी असेल. त्यातला कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, पण तो मोटर सुरू करायला आणि फिरती ठेवायला असतो, ते काम वेगळं. इथं चाललंय ते थ्री फेज मोटरबद्दल. थ्री फेजच्या पेटीत असा कंडेन्सर दिसला तर तो बहुतेक दोन फेजवर मोटर चालवायला कोणीतरी जोडलेला असतो. त्यानं मोटर भाजते, डीपीवरचे फेजही वरखाली होतात. ते काढून टाका.

आणि थ्री फेजला कपॅसिटर जोडताना तीन गोष्टी पाळा.

जोडणी स्टार्टरच्या पुढं, मोटरकडं करा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही लाईनवरून सुटतो. ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या) पुढं जोडला तर रिलेला नऊऐवजी ७.६ दिसतात, म्हणून रिलेचं सेटिंग तेवढं खाली घ्या, नाहीतर मोटर जळेपर्यंत तो पडणारच नाही. हे माझ्याच धंद्यातले बरेच जण विसरतात.

मोठा कपॅसिटर लावू नका. ३ एचपीला १, ५ ला २, साडेसातला ३, दहाला ४ केव्हीएआर. जास्त लावला तर लाईट गेल्यावर फिरती मोटर त्याच्या जोरावर स्वतःच व्होल्टेज तयार करते, ते धोक्याचं.

बंद केल्यावर लगेच हात घालू नका. डिस्चार्ज रेझिस्टन्स जळालेला असला तर कपॅसिटर भरलेलाच राहतो. पाच मिनिटं थांबा, टेस्ट लॅम्प लावून बघा, मगच पान्हा लावा.

निवृत्त_यंत्रचालक · सोमवार, दुपारी १२:४०

टोकाच्या व्होल्टेजबद्दल बोलणं राहिलं. शेवटचा_खांब दादांना खोटी आशा लागू नये म्हणून स्पष्ट लिहितो. तारेत व्होल्टेज पडतं ते दोन कारणांनी, तारेच्या रेझिस्टन्सने आणि रिॲक्टन्सने (तारेभोवतीच्या चुंबकत्वामुळे होणाऱ्या अडथळ्याने). कपॅसिटर दुसरा भाग कमी करतो. मोठ्या लाईनवर हा दुसरा भागच मुख्य असतो, म्हणून तिथं कपॅसिटरने व्होल्टेज चांगलं उठतं. पण तुमची खांबावरची तार बारीक, तिच्यात रेझिस्टन्सच जास्त. त्यामुळे तुमच्याकडं डीपी वाचेल, पण व्होल्टेज पाच-दहाच उठेल. बाकीचं तार बदलून किंवा डीपी मधोमध आणूनच मिळेल.

शिवाय कपॅसिटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर चालते. ४४० व्होल्टला २ केव्हीएआर देणारा तुमच्या ३४० व्होल्टवर जेमतेम १.२ देतो. ताईंच्या ९२ केव्हीएमध्ये तेवढी भर धरा.

हीच गोष्ट मोठ्या जाळ्यात भयंकर होते. २३ जुलै १९८७ ला टोकियोत उकाड्यात दुपारच्या जेवणानंतर एसी भराभर चालू झाले. व्होल्टेज पडू लागलं तसा एसींचा करंट वाढला, करंट वाढला तसं व्होल्टेज आणखी पडलं, आणि सुमारे ८,००० मेगावॅटचा भाग अंधारात गेला. त्या वेळी मी इकडं आमच्या उपकेंद्रात पाळीवर होतो, पुढं ते प्रकरण आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. तेव्हापासून मीटरवरचा केव्हीएआरचा काटा मी किलोवॅटच्या आधी बघायचो. किलोवॅट चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर आणता येतात. केव्हीएआर तसे लांबून आणता येत नाहीत, ते जिथं लागतात तिथंच तयार करावे लागतात.

टाँगटेस्टर · सोमवार, दुपारी १:३०

आणि ऑटोस्विच! सगळे कपॅसिटर लावा आणि ऑटो ठेवा, डीपी परत जळेल. मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, तोही ०.३ च्या आसपासच्या पॉवर फॅक्टरने. लाईट आली की अठरा मोटारी एका क्षणात सुरू. डीपीवर त्या वेळी काय आदळतं ते तिच्या गुणगुणण्यातून दोन शेतं पलीकडून ऐकू येतं.

शेवटचा_खांब · पुढच्या महिन्यात, गुरुवार, रात्री ८:५०

मंडळी, उशिरा लिहितोय, पण काम करून लिहितोय.

हा धागा मोबाईलवर मोठ्याने वाचून दाखवला, देवळासमोर. टाँगटेस्टर दादांचा ९.० आणि ७.६ चा किस्सा सगळ्यात जास्त पटला, कारण आमच्यातल्या दोघांनी आधी तसाच टेस्टर चुकीच्या वायरला लावला होता. अठरांपैकी चौदा जणांनी कपॅसिटर बसवले. ऑटो काढायला कोणी तयार नव्हतं. शेवटी टायमर बसवायचं ठरलं, प्रत्येकाचा वीस सेकंदांनी पुढं. पहिला डीपीजवळच्याचा, शेवटचा माझा, लाईट आल्यावर पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी.

लाईनमन दादांनी डीपीवर टेस्टर लावून दिला. कपॅसिटर लावायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या मोटारी चालू असताना तिन्ही फेजला १४९, १५२ आणि १४८ होते. शिकवणी ताईंचा आकडा बघून अंगावर काटा आला. परवा त्याच वेळी १३४, १३३, १३१.

माझ्या पेटीत व्होल्टेज ३४१ होतं, आता ३४९. यंत्रचालक साहेब म्हणाले तसंच झालं. मोटर पूर्वीपेक्षा कमी घरघरते, एवढं मात्र हाताला जाणवतं. तार बदलण्याचा आणि डीपी मधोमध आणण्याचा अर्ज चौदा जणांच्या सह्यांनी दिला आहे. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी ऊस गेल्यावर कपॅसिटर बसवतो म्हणून शब्द दिलाय, दोघांशी अजून बोलायचं आहे. त्यातला एक माझा चुलतभाऊ आहे, रविवारी जेवायला बोलावलं आहे त्याला.